भिंत मोजा, मग प्रवेशिका मागवा

कलादालन चालवणाऱ्या मंडळांच्या आणि चित्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ४० × २५ फुटांचे कलादालन आहे. परीक्षक नेमून, निवड करून प्रदर्शन भरवण्याची ही पहिलीच वेळ. किती प्रवेशिका मागवाव्यात आणि तयारी कधीपासून करावी?
– कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : प्रवेशिका किती येतील ते तुमच्या हातात नाही. भिंत मात्र मोजता येते, तेव्हा आधी टेप घ्या. चारी भिंती मिळून १३० फूट होतात. दारे, खिडक्या, स्विचबोर्ड आणि कपाटामागची जागा वजा केली की ९० फूट उरतील असे धरा. चौकटीसह चित्राची सरासरी रुंदी अडीच फूट आणि दोन चित्रांत एक फूट मोकळी जागा, म्हणजे एका चित्राला साडेतीन फूट लागले. तुमच्या दालनात २५ चित्रे नीट बसतात. ‘सुमारे २५ कलाकृती निवडल्या जातील’ असे नियमपत्रिकेतच छापा. हा आकडा आधी जाहीर नसला की शेवटच्या आठवड्यात ‘आमच्याही ओळखीचे एक लावा’ सुरू होते, चित्रे वर-खाली दोन रांगांत जातात आणि खालची रांग बघायला कुणी वाकत नाही. एका चित्रकाराकडून दोनच प्रवेशिका घ्या.

तारखा उद्‌घाटनापासून मागे मोजा. मांडणीला दोन दिवस लागतात. चित्रे आठवडाभर आधी दालनात हवीत. निकाल पाच आठवडे आधी कळवा, कारण निवड झाल्यावरच चित्रकार चौकटीवर पैसे घालतो आणि सणासुदीत चौकटवाला दोन-तीन आठवड्यांखाली काम देत नाही. निवडीची बैठक सात आठवडे आधी, प्रवेशिकांची शेवटची तारीख आठ आठवडे आधी आणि नियमपत्रिका चौदा आठवडे आधी. जुलै-ऑगस्ट टाळा. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, माउंट (चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची पट्टी) नसेल तर काचेला चिकटतो, आणि काचेच्या आत बुरशी धरली की जलरंग वाचवणे अवघड होते.

शेवटची तारीख वाढवू नका. रात्र जागून वेळेत पाठवणाऱ्यांवर तो उघड अन्याय आहे. प्रवेशिका कमी आल्या तर कमी चित्रे लावा.

प्रश्न : गेल्या वर्षी तीन परीक्षकांनी दहापैकी गुण दिले आणि आम्ही बेरीज करून पहिली तीस चित्रे घेतली. प्रदर्शन नीटनेटके झाले, पण लक्षात राहील असे एकही चित्र नव्हते. चुकले कुठे?
– कलामंडळाचे सदस्य, सांगली

उत्तर : बेरजेत चुकले. एक परीक्षक २ ते ९ गुण वापरतो आणि दुसरे दोघे सगळ्यांना ६ किंवा ७ देतात. अशा वेळी बेरीज तिघांची दिसते, पण निवड पहिल्या एकट्याचीच होते. दुसरी गोष्ट जास्त नुकसान करते. जे चित्र एकाला अतिशय आवडले आणि दुसऱ्याला मुळीच नाही, त्याला ९ आणि ३ मिळून १२ होतात. कुणालाच न खटकणाऱ्या चित्राला ७ आणि ७, म्हणजे १४. असे वारंवार झाले की भिंतीवर फक्त निरुपद्रवी चित्रे उरतात.

पहिल्या फेरीत गुण नकोतच. प्रत्येक परीक्षकाने आपल्या कागदावर, आपसात न बोलता, ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘पुन्हा पाहू’ एवढेच लिहावे. समजा १४० प्रवेशिका आहेत. तीन ‘हो’ मिळालेली १० चित्रे थेट आत गेली आणि तीन ‘नाही’ मिळालेली ६० बाजूला झाली. उरलेल्या ७० वर दुसऱ्या फेरीत उघड चर्चा होऊ द्या. तीत प्रत्येकाने १२ चित्रे निवडावीत आणि दोघांच्या यादीत असलेली घ्यावीत. शेवटच्या तीन जागा मात्र राखून ठेवा : प्रत्येक परीक्षकाला एक चित्र स्वतःच्या अधिकारात, कुणाची संमती न घेता. आमच्या मते सगळ्या पद्धतीत हाच नियम सर्वांत मोलाचा आहे. प्रदर्शनात ज्या चित्रापुढे लोक थांबतात आणि वाद घालतात, ते बहुतेकदा याच वाटेने आलेले असते.

वेळेचा हिशेबही करा. एका चित्राला तीस सेकंद धरले तरी १४० चित्रांना ७० मिनिटे होतात. डोळे थकले की शेवटच्या चाळीस चित्रांना उगाच ‘नाही’ मिळते. म्हणून मध्ये पंधरा मिनिटे थांबा आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा लावा. तिघांनी एकाच पडद्यावर बघावे. एकाने मोबाइलवर आणि दुसऱ्याने प्रोजेक्टरवर बघितले तर दोघांनी वेगवेगळी चित्रे पाहिली म्हणायची.

परीक्षकांसमोर नाव जाऊ देऊ नका. शीर्षक, माध्यम, आकार आणि प्रवेशिका क्रमांक एवढेच. सही फोटोत झाकून टाका. तरीही शिष्याचा हात गुरूला ओळखू येतोच, तेव्हा बैठकीच्या सुरुवातीलाच ‘नातेवाईक किंवा शिष्य असेल तर सांगा’ असे विचारा. त्या क्रमांकावर त्या परीक्षकाने मत देऊ नये, आणि हे इतिवृत्तात लिहून ठेवावे. मंडळाच्या कार्यकारिणीने प्रवेशिका देऊ नयेत. परीक्षकांना प्रवासखर्च आणि मानधन द्या. दिवसभराचे काम आहे ते.

प्रश्न : चित्र चांगले असूनही फोटोमुळे नाकारले गेले अशी शंका येते. फोटो कसा काढावा?
– जलरंग चित्रकार, कुडाळ

उत्तर : शंका रास्त आहे, असे होते. चौकट घालण्याआधीच फोटो काढा; काच असेल तर खिडकी आणि तुमचा हात दोन्ही चित्रात उमटतात. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत, थेट ऊन नसलेल्या जागी चित्र भिंतीला उभे करा. घरातला दिवा बंद ठेवा, नाहीतर अर्धे चित्र पिवळे आणि अर्धे निळे येते. कॅमेरा चित्राच्या मध्याइतक्या उंचीवर धरा. मोबाइल जरा जरी कलला तरी चौकोन वेडावाकडा होतो : एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता. दोन-तीन पावले मागे जाऊन थोडे झूम केलेले बरे. चित्राबाहेरची भिंत कापून टाका, रंग भडक करू नका. प्रत्यक्ष चित्र फोटोशी जुळले नाही तर निवड रद्द करण्याचा अधिकार आयोजकांकडे असतो.

लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि पातळ वॉशमधले (पाणी घालून दिलेल्या रंगाच्या थरातले) बारकावे जातात. आयोजकांनीही हे नियमपत्रिकेत लिहावे आणि खराब फोटो आला तर शेवटच्या तारखेआधी चित्रकाराला फोन करावा.

प्रश्न : निवडलेली चित्रे येतात तेव्हा निम्म्यांना टांगायची सोयच नसते. शिवाय मांडणी वर-खाली होते.
– स्वयंसेविका, नाशिक

उत्तर : ‘टांगण्यास तयार’ असे नुसते लिहून भागत नाही. ‘चौकटीच्या मागे, वरून एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना डी-रिंग (D अक्षराच्या आकाराची धातूची कडी) आणि मध्ये तार हवी; सुतळी व चिकटपट्टी चालणार नाही’ असे लिहा, जमल्यास आकृती छापा. सुतळी दोन दिवसांत ताणते आणि चित्र खाली सरकते. टपालाने येणाऱ्या चित्रांना काच नको, अ‍ॅक्रिलिक शीट मागा. फुटलेल्या काचेचा तुकडा कागद फाडतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा, चित्र लहान असो वा मोठे. खिळ्याची उंची अशी काढा : ५८ अधिक चित्राची निम्मी उंची, वजा तार बोटाने ओढल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तेवढे अंतर. चित्र ३६ इंच उंच आणि तार ४ इंच खाली असेल, तर ५८ + १८ – ४ = ७२ इंचांवर खिळा.

चित्र हातात घेताना ओरखडा, निसटलेला कोपरा, काचेखालचे केस, जे दिसेल ते चित्रकारासमोर पावतीवर लिहा आणि दोघांनी सही करा. मागच्या लेबलवर प्रवेशिका क्रमांक आणि चित्राची वरची बाजू दाखवणारा बाण हवा. अमूर्त चित्रे उलटी लागतात ती या बाणाअभावी.

प्रश्न : निवड न झालेल्यांना काय कळवावे? आणि कॅटलॉगमध्ये चित्र छापायला वेगळी परवानगी लागते का?
– कार्यवाह, मडगाव

उत्तर : आधी परवानगीचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, स्वतःसाठी काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच असतो, आणि चित्र विकले तरी तो आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही. ‘कॅटलॉग आणि या प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी’ एवढीच परवानगी अर्जात मागा. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ हे वाक्य कुठून तरी उतरवून घेतलेले असते. ते काढून टाका. विक्रीतून दालन किती टक्के घेणार तेही अर्जातच लिहा.

नकाराचे पत्र निवडीच्या पत्राबरोबर, त्याच दिवशी जावे. प्रवेशिका किती आल्या, किती निवडल्या, परीक्षक कोण होते, एवढे चार ओळींत लिहा. एकेकाची कारणे देऊ नका. बैठकीत ती तशी ठरलेलीच नसतात आणि मागाहून रचलेले कारण चित्रकाराला लगेच कळते. शुल्क परत मिळणार नसेल तर ते अर्जात ठळक अक्षरांत आधीच असले पाहिजे. प्रदर्शन संपल्यावर चित्रे परत नेण्याचे दोन दिवस ठरवा, त्यांतला एक रविवार ठेवा, आणि पावतीची दुसरी प्रत सही करून घेतल्याशिवाय चित्र कुणाच्याही हाती देऊ नका, चित्रकाराचा भाऊ आला तरी.