स्प्रिंट संपला तरी घड्याळ चालू ठेवा
टीमच्या बोर्डवर काम ‘इन प्रोग्रेस’मध्ये गेलं तो दिवस आणि ‘डन’ झालं तो दिवस, सायकल टाइमसाठी (काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे दिवस) एवढ्या दोनच तारखा धरा. स्टोरी (कामाचा एक छोटा भाग) पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या पुढच्या फेरीत, गेली म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करू नका. नेमकी ही रेंगाळलेली कामंच टीम कुठे अडते ते दाखवतात. सुट्ट्याही मोजा, वाट पाहणाऱ्याचे ते दिवस जातातच.

सरासरीवर मात्र विसंबू नका. एकेका दिवसाची ९ कामं आणि २१ दिवसांचं १, की सरासरी ३ दिवस! तेवढा वेळ प्रत्यक्षात एकाही कामाला लागलेला नसतो. त्यापेक्षा ८५वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे १०० पैकी ८५ कामं जितक्या दिवसांत संपतात तो आकडा. तो वाढत असेल तर आधी एकाच वेळी हातात घेतलेली कामं कमी करा.

आणि हा आकडा कृपया कुणाच्याही अप्रेझलमध्ये जाऊ देऊ नका. नाहीतर लोक कामाचं कार्ड ‘इन प्रोग्रेस’मध्ये उशिरा हलवायला लागतात.