सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची बोर्डमधील सोय) बंद केल्यावर विंडोज १० सुरूच होत नाही. विंडोज ११ साठी मदरबोर्ड बदलावा लागेल का?

नाही, मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. तुम्ही लिहिल्याप्रमाणे २०१९ च्या अखेरीस तपकीर गल्लीतून असेंबल करून घेतलेल्या या संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, जीटीएक्स १६५० कार्ड आणि सी, डी, ई, एफ असे भाग पाडलेली एकच एसएसडी आहे. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे आणि टीपीएम २.० ची, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची, सोय त्याच्याच आत एफटीपीएम या नावाने आहे. ती फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरील प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये, चालू करावी लागते. त्यामुळे नवा बोर्ड घ्या, हा दुकानदाराचा सल्ला मला पटत नाही. खरी अडचण डिस्कच्या मांडणीत आहे.

तुमचे विंडोज १० जुन्या लिगसी पद्धतीने, म्हणजे एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेले दिसते. सीएसएम चालू असेपर्यंत बोर्ड ही जुनी पद्धत चालवून घेतो. ते बंद केले की तो डिस्कवर ईएफआय पार्टिशन (नव्या पद्धतीने संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) शोधतो आणि ते न सापडल्यामुळे तुम्हाला पुन्हा बायोसमध्ये आणून सोडतो. सीएसएम चालू ठेवून सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मिळत नाही, म्हणून आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करायची आणि मगच सीएसएमला हात लावायचा, हा क्रम पाळावा.

टॅली आणि बाकीची सॉफ्टवेअर जशीच्या तशी राहावीत अशी तुमची इच्छा आहे, आणि ते शक्य आहे. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचे साधन असते, जे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवता येते. मात्र त्याची एक अट आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांना हमखास आडवी येते: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन असावीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी ड्राइव्ह असलेला भाग) मुळीच नसावे. चार-चार ड्राइव्ह पाडून देण्याची दुकानांची जुनी सवय इथे नडते, कारण सिस्टीम रिझर्व्हड, सी आणि डी मिळून तीन जागा भरतात आणि ई व एफ बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात जातात. तेव्हा आधी सगळ्याच ड्राइव्हमधील महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ई आणि एफ काढून टाका आणि त्यांच्या जागी हिरव्या चौकटीत ‘फ्री स्पेस’ म्हणून उरणारा भागही काढा. हा शेवटचा टप्पा पुष्कळांकडून राहून जातो आणि मग तपासणी पुन्हा नापास होते. त्यानंतर प्रथम ‘व्हॅलिडेट’ आणि ती तपासणी यशस्वी झाल्यावरच ‘कन्व्हर्ट’ हा पर्याय वापरा. चालू विंडोजमधून करत असल्याने दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ जोडावे लागेल.

बायोस अद्ययावत करायचे असेल तर ते या रूपांतराच्या आधी करावे, कारण त्यात सेटिंग्ज बहुधा मूळ स्थितीला जातात. एफटीपीएममुळे काही रायझन संगणक मधूनच क्षणभर अडखळत असत. त्यावरचा उपाय २०२२ पासूनच्या बायोसमध्ये आलेला असल्यामुळे मी तरी बायोस अद्ययावत करणे टाळणार नाही. यूपीएस नसेल तर वळवाच्या पावसात किंवा वीज बंद राहण्याची शक्यता असलेल्या गुरुवारी हे काम काढू नये, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा आणि काम संपेपर्यंत ते सस्पेंड करा.

रूपांतर झाल्यावर थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा, एफटीपीएम चालू करा आणि सिक्युअर बूटच्या डिफॉल्ट की बसवून ते सुरू करा. विंडोज उघडल्यावर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे ‘यूईएफआय’ आणि सिक्युअर बूटपुढे ‘ऑन’ दिसले की अपग्रेड सुरू करण्यास हरकत नाही. रजिस्ट्रीत फेरफार करून तपासणी चुकवण्याचे उपाय तुम्हाला व्हिडिओंमध्ये दिसतील, पण पात्र संगणकावर त्यांचे काहीच काम नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे हे काम फार लांबवू नये.

विंडोज ११ पसंत पडले नाही, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील ‘गो बॅक’ने विंडोज १० वर परत येता येते. डिस्क मात्र तेव्हाही जीपीटीच राहील आणि विंडोज १० तिच्यावर व्यवस्थित चालेल. त्यासाठी सीएसएम पुन्हा चालू करू नका.