पन्नास नको, पाचच झाडं लाव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रात्री दोनपर्यंत झोप नाही, परीक्षेचा ताण, घरात बोलायला गेलं की भांडण, आणि कॉलनीत पन्नास झाडं लावायचा बेत. तुझ्या पत्रातलं हे सगळं एकत्रच धर. झाडं मात्र पाचच लाव. पन्नासांना मे महिन्यात पाणी कोण घालणार?

इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मेमध्येच २ फूट लांब, रुंद, खोल खणून तापू दे. जूनअखेर दोन चांगल्या सरी झाल्या की तीन हिस्से तीच माती आणि एक हिस्सा कुजलेलं शेणखत भर. नुसतं खत-वाळू भरलीस, तर भोवतीच्या चिकट मातीमुळे खड्ड्याची टाकी होते, पाणी साचतं, मुळं कुजतात. रोप जमिनीपेक्षा दोन बोटं उंच बसव. पिशवी फाडल्यावर मुळं गोल वळलेली दिसतील. ती मोकळी केली नाहीस तर झाड पुढे वाऱ्यात आडवं होतं. तारांखाली कांचन, मोकळ्या जागी कडुनिंब किंवा करंज. भिंतीजवळ पिंपळ नको.

उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी एक बादली पुरते. आधी काडी खुपसून बघ. वरून सुकलेली काळी माती आत ओली असते. नळाला येणारं, लांब जलूद गावाहून उपसलेलं नर्मदेचं पाणी त्यासाठी नको, तांदूळ-भाजी धुतलेलं चालेल. आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यातले क्षार मातीत साठतात.

आता घरचं. एका झाडामागे एक घर, आणि त्या घरातले दोघं: एक तुझ्या वयाचं, एक मोठं. पाण्याच्या दिवशी सकाळी सातला दोघांनी मिळूनच पाणी घालायचं. समोर बसवून 'अभ्यास कसा चाललाय?' विचारलं की तोंड मिटतं. आळं सारखं करताना तेच आपसूक बाहेर येतं. बाबांना आधीच सांग, "झाडापाशी मार्कांचं नको, टेस्टचं मी शनिवारी स्वतः सांगेन." आणि शनिवारी खरंच सांग, नाहीतर सोमवारपासून पुन्हा विचारणं सुरू. रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचाही. फक्त तुझाच काढून घेतला तर ती शिक्षा वाटते आणि आठवड्यात मोडते. सकाळच्या उजेडाने रात्री झोपही हळूहळू लवकर येऊ लागते.

दोन आठवडे झोप, भूक, कशातच मन लागत नसेल, तर झाडांवर भिस्त ठेवू नकोस. आईला सांग, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. जगणंच नको वाटलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी सांगायचं.

खणण्याआधी पाइपलाइन कुठून गेली आहे ते नगर निगमच्या झोन ऑफिसात विचारून घे, आणि पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना प्रत्येक खोडाभोवती ३ फूट माती उघडी ठेवायला आत्ताच सांगून ठेव.