स्नोहोमिशला येताय? मग आधी मातीचं बोलू

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून रात्री लिहायला बसलेय. तुमची माहिती अशी: नांदेडहून एम.एस्सी. जिऑलॉजी, सहा वर्षं विहिरी-बोअरच्या जागा दाखवायचं काम, आता अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एम.एस.ला प्रवेश. प्रोजेक्ट कसला, तर स्नोहोमिश काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरच्या हिमयुगातल्या आणि त्यानंतरच्या गाळामातीचा नकाशा. तुमचे तीन प्रश्न: डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या काळ्या कातळाचा, अनुभव उपयोगी पडेल का, पाच वर्षांच्या मुलीला लगेच आणावं का, आणि एकटं वाटतं का, परत यायचा विचार येतो का. व्हिसाचे प्रकार, फी, बँकेत किती दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही. मी २०१२ साली याच कामाला याच भागात आले. सहा वर्षांचा मुलगा बरोबर होता, नवरा दीड वर्षाने आला.

डेक्कन ट्रॅपचा अनुभव उपयोगी पडत नाही. आडवा येतो.

आपण शिकलो कसे ते आठवा. फिल्डला गेलं की आधी ताजा कातळ शोधायचा, हातोडा मारायचा, हा लाव्हाचा फ्लो कुठला, तांबडा थर कुठे, ते लिहायचं. त्याच्यावरची माती म्हणजे मधे आलेली अडचण. सर म्हणायचे, 'ओव्हरबर्डन सोडा, पुढे चला.' साडेसहा कोटी वर्षांच्या दगडापुढे पंधरा-वीस हजार वर्षांची माती कोण बघतो! इथे सगळा अभ्यास त्या ओव्हरबर्डनचाच आहे. माझ्या प्रोजेक्टच्या अख्ख्या टोपोशीटमध्ये (नकाशाच्या पानात) हातोडा मारण्यासारखा कातळ दोनच ठिकाणी होता. माझा हातोडा पहिल्या महिन्यातच गाडीच्या डिकीत गेला तो गेलाच. लागतं काय, तर फावडं, हँड ऑगर (माती काढायचं हाताचं गिरमिट) आणि खुरपं. खुरपं मी नंतर साताऱ्याहून आणलं. इथल्या दुकानातली खुरपी इथल्या घट्ट मातीपुढे वाकतात.

एव्हरेट ते सिअ‍ॅटल समुद्रालगत जो कडा आहे तो म्हणजे तुमचं पुस्तक समजा. सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी कॅनडातून बर्फाची एक जीभ खाली सरकली; सिअ‍ॅटलच्या डोक्यावर ती जवळपास एक किलोमीटर जाड होती. येताना तिने पाण्याची उत्तरेची वाट अडवली, त्यामुळे पुढे तळं साठलं आणि त्याच्या तळाशी बारीक राखाडी चिखल बसला. ती लॉटन क्ले. मग बर्फ जवळ आला तसे त्याच्यापुढून वाहणारे ओढे वाळू टाकत गेले. ती एस्परन्स सँड. शेवटी बर्फच या सगळ्यावर चढला आणि चिखल, वाळू, गोटे एकत्र चेपून गेला. तो व्हॅशन टिल. काँक्रीट ओतल्यासारखा दिसतो, खुरपं त्याच्यावर नुसतं सरकतं. आता पाऊस आला की पाणी वाळूतून खाली झिरपतं, चिखलापाशी अडतं आणि आडवं कड्यातून बाहेर येतं. हा वाळू-चिखलाचा सांधा जिथे उघडा पडतो तिथे दरड येते. मुरमाखाली घट्ट कातळ लागला की झरा कसा आडवा फुटतो ते तुम्ही विहिरीत शंभरदा पाहिलं असेल. तेवढा एक अनुभव मात्र कामाचा, हे कबूल. कड्याखालून रेल्वे जाते. १९९७च्या जानेवारीत वुडवे गावाजवळ दरडीने मालगाडीचे डबे थेट समुद्रात ढकलले. आजही रुळांवर माती आली की प्रवासी गाड्या अठ्ठेचाळीस तास बंद.

चिखल आणि गाळ यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही. दोन्ही राखाडी, दोन्ही ओले. कणभर पुढच्या दातांत धरून चावायचं. कचकच लागली तर सिल्ट, लोण्यासारखं गेलं तर क्ले. पहिल्यांदा मला किळस आली. आता डबा खायच्या आधी सवयीने चूळ भरते. कॅनडातून बर्फाबरोबर आलेले ग्रॅनाइटचे गोटे जागोजागी सापडतील. त्यावरून स्थलांतराची उपमा द्यायचा मोह होईल. मी मंडळाच्या गणपतीत तीन वेळा दिली. तुम्ही देऊ नका.

आणखी एक खजिना सांगते. इथे बोअर मारणाऱ्याला प्रत्येक विहिरीचा अहवाल राज्याकडे द्यावा लागतो आणि तो कुणालाही घरबसल्या मिळतो. 'ब्लू क्ले', 'हार्डपॅन', 'वॉटर सँड', असली भाषा. हार्डपॅन म्हणजे बहुधा आपला टिल. तुम्ही बोअरच्या गाडीवाल्यांच्या तोंडून 'मुरूम', 'मांजऱ्या', 'काळा कातळ' ऐकत आलात, म्हणून हे तुम्हाला इथल्या पोरांपेक्षा लवकर जमेल. लायडारही तसंच: विमानातून लेझर सोडून झाडी पुसलेली जमीन दाखवणारं चित्र, फुकट उतरवून घ्या. आपल्याकडे विद्यार्थी असताना किनाऱ्याच्या एका टोपोशीटसाठी मी विभागप्रमुखांची सही घेऊन कितीदा खेटे घातले होते! पहिल्यांदा स्नोहोमिशचं लायडार उघडलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले होते.

पण जमीन बघायला आत जाणं, ते अवघड. आपल्याकडे कुणाच्याही रानात शिरा, फार तर 'काय सोनं घावलं का ताई?' म्हणतील आणि वर चहा पाजतील. इथे पत्र टाकायचं, दार वाजवायचं, कुत्रं भुंकत असताना कार्ड पुढे करायचं. लोकांना भीती वाटते ती घराची किंमत उतरेल याची. कड्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला आनंदाने आत घेतलं होतं. त्यांच्या मागच्या अंगणातून कड्याचा उत्तम छेद दिसायचा. चार वेळा गेले, प्रत्येक वेळी त्यांनी कॉफी दिली. आपल्या नकाशाचं प्रमाण १:२४,०००, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चोवीस मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत एक घर मावतं. जुन्या दरडीची माझी रेघ त्यांच्या घरावरून गेली. ती तुटक (म्हणजे अंदाजाची) काढायची की सलग (म्हणजे खात्रीची), यावर मी आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी सलग काढली, कारण कडा मी स्वतः खरवडून पाहिला होता. नकाशा द्यायला गेले तेव्हा त्यांनी दारातच घेतला. कॉफी नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. २२ मार्च २०१४, शनिवार सकाळ. याच काउंटीत ऑसोजवळ स्टिलाग्वामिश नदीच्या काठचा डोंगर सुटला आणि चिखल दरी ओलांडून एक किलोमीटरच्या पुढे गेला. ४३ माणसं गेली. त्या दरीत शेजारीशेजारी जुन्या दरडींचे वण लायडारमध्ये लख्ख दिसत होते. १९९९ साली मोठी दरड येऊ शकते असं एका अहवालात लिहिलेलंही होतं. आमच्या विभागात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढे या राज्याने लायडार आणि दरडींच्या नकाशांसाठी वेगळा पैसा दिला. आमच्यासारख्यांना काम मिळालं ते त्यातून, हेही खरंच. आणि त्याच वर्षी ३० जुलैला आपल्याकडे माळीण गाव दरडीखाली.

माळीणच्या बातमीला इथे रात्र होती. आईचा फोन आला, 'तुम्ही कॉलेजात असताना तिकडेच जायचात ना गं?' तिकडेच जायचो. डिंभे, भीमाशंकर, तो सगळा रस्ता. माझ्या फिल्डच्या वहीत त्या उतारावरचे फ्लो आहेत, मापं आहेत, कोन आहेत. वर मातीचा जाड थर होता याची एका ओळीची नोंद नाही. ओव्हरबर्डन सोडा, पुढे चला. माझ्या नोंदीने काही वाचलं असतं असं मी म्हणत नाही, तेवढी मी मोठी नव्हे. पण दीडशेवर माणसं ज्या मातीखाली गेली तिच्यावरून मी बूट घालून चालत गेले होते आणि खाली पाहिलं नव्हतं. आता मी परक्या किनाऱ्याची माती दातांनी चावून बघते आणि त्याचा पगार घेते. तुम्ही विचारलंत ना, परत यायचा विचार येतो का? येतो तो याच वाटेने येतो. मग सुटी संपते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगणार होते, पण राग अजून गेलेला नाही. इथे लोकांसाठी भूशास्त्राचं काम स्वतःच्या सहीने करायचं तर राज्याचं लायसन्स लागतं, दोन परीक्षा असतात. परीक्षा सोप्या. अवघड काय, तर आपलं तीन वर्षांचं बी.एस्सी. 'हे पदवी आहे का?' इथपासून सुरुवात. मग प्रत्येक विषयाचे तास लिहून विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात पाठवा. मार्कलिस्टवर तास कुठे असतात? 'पेट्रोलॉजी, १०० पैकी ६८', संपलं. सात महिन्यांनी पाकीट आमच्या घरी आलं आणि बाबांनी काय आलंय ते बघू म्हणून फोडलं. फोडलेलं पाकीट चालत नाही. पुन्हा पाच महिने. तेव्हा ज्या सहा-सात प्रती काढायच्या त्या निघण्याआधी काढा, स्वतः उभं राहून सील करून घ्या, आणि घरच्यांना पाकिटाला हात लावू नका म्हणून बजावा. ग्रीनकार्डचं तर मी बोलतच नाही. पहिल्या कंपनीने अर्ज 'पुढच्या तिमाहीत' म्हणत तीन वर्षं ढकलला. भारतीयांची रांग एवढी लांब आहे की त्या तीन वर्षांची किंमत माझा मुलगा मोजणार. तो आता एकोणीसचा आहे. एकविसाव्या वर्षी तो माझ्या व्हिसावरून उतरतो आणि ज्या गावात पहिलीपासून शिकला तिथेच परदेशी विद्यार्थी होतो.

मुलीचं. आणावं का तर आणा, आईशिवाय-बापाशिवाय ठेवू नका. पण शाळेत दाखल करताना एक फॉर्म येईल, त्यात 'घरी कोणती भाषा बोलता' असा रकाना असतो. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. खोटं कशाला लिहू? त्यावरून मुलाची इंग्रजीची परीक्षा झाली. पुण्यात इंग्रजी माध्यमात होता, सगळं यायचं, पण अनोळखी बाईंसमोर त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. मग रोज वर्ग चालू असताना त्याला उठवून वेगळ्या खोलीत न्यायचे, चित्रं दाखवून 'ॲपल', 'बॉल'. तो तास नेमका सायन्सचा. दीड वर्ष. मी शाळेत जाऊन भांडले, तर बाई अतिशय गोड बोलून म्हणाल्या की ही त्याच्यासाठी मदत आहे.

शाळेने केलं ते शाळेने केलं. पुढचं मी केलं. तो त्या खोलीतून लवकर सुटावा म्हणून मी घरी मराठी बंद केली. नियमच काढला, जेवायला 'वाढ' म्हणाला की मी ऐकू न आल्यासारखं करायचे. सहा वर्षांचं पोर पोळी हातात धरून शब्द शोधत बसायचं. परीक्षा पास झाला, खोली सुटली, मी पेढे वाटले. नंतर मराठी पुन्हा चालू करू म्हटलं तर तो उत्तरं इंग्रजीतच द्यायला लागला. आजीशी फोनवर 'हॅलो आजी, मी बरा आहे' एवढं म्हणतो आणि फोन माझ्याकडे देतो. तिला वाटतं अभ्यास फार असतो. रागावला आहे का विचारलं तर 'फॉर व्हॉट?' म्हणतो.

एकटेपणा: वाटतो, नोव्हेंबर ते मार्च जास्त, ऐन हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडायला लागतो म्हणून. दिवे लावा, मंडळात जा, चालायला जा. त्यात विशेष काही नाही.

तर ऑगस्टमध्ये या, फिल्डला दोन कोरडे महिने मिळतील. गमबूट इथे घ्या, खुरपं तिकडून आणा, चेक-इनच्या बॅगेत टाका. मुलीच्या शाळेचा फॉर्म हातात आला की तो रकाना भरायच्या आधी मला फोन करा. काय लिहा ते मी सांगणार नाही, पण बोलू. वेळ बघू नका, इकडे रात्र असली तरी चालेल. मी जागीच असते.