विज्ञानाचे वेड उतरले की काय?

"मॅडम, हिला लहानपणापासून विज्ञानाचे वेड होते, ते आता उतरले की काय?" सहामाहीचे निकाल लागले की हा प्रश्न मला दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतो. या वेळी तो नववीतल्या एका मुलीच्या आईचा होता. मुलीला विज्ञानात 40 पैकी 13 गुण मिळाले होते आणि दहावीनंतर सायन्सचा नाद सोडून कॉमर्सला घालायचे, असे घरात जवळजवळ ठरले होते.

मुलगी गप्प होती. आईने पिशवीतून तिच्या जुन्या वह्या काढल्या. चौथीत मुंग्यांच्या वाटेवर एकीकडे साखर आणि दुसरीकडे मीठ ठेवून काढलेली चित्रे त्यांत होती. सहावीत ती होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिक फेरीपर्यंत पोहोचली होती. सातवीतल्या दोनशेपानी वहीत गच्चीवरून पाहिलेल्या चंद्रोदयाच्या वेळा पेन्सिलीने मांडल्या होत्या. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो, हे तिने कुठेतरी वाचले असावे, कारण समासात लिहिले होते, "दर वेळी 50 नाही. का?" त्यापुढची पाने कोरी होती.

आठवीपासून तिच्या शाळेत सेमी-इंग्रजी सुरू झाले होते. मी तिला 'इनर्शिया' म्हणजे काय, असे विचारले, तेव्हा तिने पाठ केलेले अर्धे वाक्य म्हटले आणि ती अडली. मग विचारले, "एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे का झुकतो?" ती लगेच म्हणाली, "पाय गाडीबरोबर थांबतात, पण वरचे अंग चालूच राहते. जडत्व." क्षणभर थांबून तिनेच विचारले, "मॅडम, इनर्शिया म्हणजे जडत्वच का?"

सेमी-इंग्रजीला माझा विरोध नाही. पुढच्या शिक्षणात त्याचा उपयोग होतोच. पण सात वर्षे ज्या भाषेत मूल प्रश्न विचारत आले, ती एका जूनमध्ये काढून घेतली की काही मुले विचारणेच थांबवतात आणि घरच्यांना वाटते की आवडच आटली. आईला मी सुचवले की बालभारतीचे नववीचे मराठी माध्यमाचे विज्ञानाचे पुस्तक संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्यावे, धडा आधी त्यात वाचावा आणि मग इंग्रजीत, आणि नव्या संज्ञा दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहाव्यात. उदाहरणे सोडवण्यातली तिची कचाई मात्र भाषेची नव्हती. तिथे रोजच्या सरावावाचून दुसरा उपाय नव्हता आणि हे मी मुलीला स्पष्टच सांगितले.

वार्षिक परीक्षेत तिला 40 पैकी 24 गुण मिळाले. कॉमर्सचा विषय घरच्यांनी दहावीच्या निकालापर्यंत बाजूला ठेवला आहे. जुलैमध्ये आईचा फोन आला, तेव्हा मुलीने मागून ओरडून निरोप दिला की चंद्राची वही पुन्हा सुरू केली आहे, पण ढगांमुळे महिनाभर एकही नोंद झालेली नाही.