गाडी कोणती, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

पटकथेचा खर्डा वाचला. बापाशी वर्षानुवर्षं न बोललेली मुलगी, त्याच्या आजारपणाचा फोन, लांबचा रस्ता. गोष्ट उभी राहते. पण ती भाड्याची गाडी घेऊन निघते आणि तिथेच माझा रस आटला. भाड्याची गाडी कोणीही घेईल. हिने का घेतली?

डेव्हिड लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) पुन्हा बघ, या खेपेला फक्त वाहनावर नजर ठेवून. ॲल्विन स्ट्रेट नावाचा खराखुरा माणूस १९९४ साली आयोवातून विस्कॉन्सिनला, सुमारे २४० मैल, लॉनमोअरवर, म्हणजे गवत कापायच्या यंत्रावर, बसून भावाकडे गेला होता. सिनेमातला ॲल्विन ७३ वर्षांचा. दोन काठ्या, अधू नजर, लायसन्स नाही. भावाला, लायलला, पक्षाघाताचा झटका आलाय. दुसऱ्या कुणी आपल्याला नेऊन सोडावं हे ॲल्विनला खपत नाही, म्हणून लॉनमोअर. पहिला वाटेतच बंद पडतो. हा घरी परततो, त्याच्यावर बंदूक झाडतो (माझा लाडका प्रसंग) आणि जॉन डीअर कंपनीचा १९६६ चा जुना मोअर घेऊन पुन्हा निघतो. ज्या हेकेखोरपणापायी भावाभावांत दहा वर्षं अबोला राहिला, तोच त्याला रखडत रखडत भावाच्या दारी नेतो. त्याला मोटार दिली असती तर सिनेमाच उरला नसता.

वाटेत मोअर बिघडतो, तेव्हा एक जोडपं त्याला आसरा देतं. हा अंगणातच मुक्काम ठोकतो. फोन करायलाही घरात शिरत नाही, फोन बाहेर मागवतो आणि कॉलचे पैसे ठेवून देतो. उरलेल्या वाटेसाठी गाडी देऊ केली तर नको म्हणतो. उपकार घेणं त्याला किती जड जातं ते इथे कळतं. आणि माफी मागायची म्हणजे तरी काय, समोरच्याचे उपकारच घ्यायचे ना?

भांडणाचं कारण? राग, अहंकार, दारू. एका धर्मगुरूशी बोलताना एवढंच निघतं. तुझा चार पानी फ्लॅशबॅक काढून टाक.

शेवटी लायल मोअरकडे बघून विचारतो, यावर बसून मला भेटायला आलास? हा हो म्हणतो. संपलं.

तू म्हणशील, ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये (१९८४) तर भरपूर बोलणं आहे. आहे. त्यातला नायक ट्रॅव्हिसही लायल झालेल्या हॅरी डीन स्टँटननेच केलाय. पण मध्ये एकतर्फी काच, हातात फोन, आणि खुर्ची फिरवून दुरावलेल्या बायकोकडे, जेनकडे, पाठ. एवढी आडकाठी घातली तेव्हा कुठे त्याला तोंड फुटलं. तुझी मुलगी मात्र हॉस्पिटलात शिरल्याबरोबर घडाघडा बोलते.

विमानाचं तिकीट परवडत असताना ही बाई रस्त्याने का जाते, आणि कशावर बसून, याचं उत्तर तिच्या खोडीतून येऊ दे. मग पुढचा खर्डा पाठव. हॉस्पिटलची ती तीन पानं तोवर पुन्हा लिहायलाच घेऊ नकोस.