क्रिकेटपटूला शिक्षक व्हायचंय: बी.एड. की बी.पी.एड.?

प्रश्न: मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. डावखुरा फिरकी गोलंदाज. राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून दोन वर्षं आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला. आता शिक्षक व्हायचं म्हणतो. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करावं का? – एक पालक, खानापूर

उत्तर: नमस्कार. गणित पक्कं असेल तर आधी बी.एड.च करू द्या. पी.टी.चे सर शाळेत बहुधा एकच. ते निवृत्त होईतो जागा निघत नाही. गणिताला मात्र माणूस लागतोच. दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचेच आहेत.

बी.एड.नंतर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन द्यायचा. 150 गुण, अडीच तास; सर्वसाधारण गटाला 90 हवेत. पहिली ते पाचवीचा नाद सोडा. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, तरी मुलं पेपर एकची फी भरत राहतात. आणि कर्नाटकात नोकरी हवी तर कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे.

महाराष्ट्रातही वाट आहे. तुमचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांत असेल, तर 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला विहित नमुन्यात काढून ठेवा. तिथली टीईटी आणि अभियोग्यता चाचणी (200 गुण, दोन तास) वेगळी द्यावी लागते.

क्रिकेट वाया जात नाही. पुढं बी.पी.एड. करावंसं वाटलंच, तर साधारणपणे पदवीला 50 टक्के लागतात. आंतरविद्यापीठ खेळलेल्याला 45 पुरतात. शिक्षक झाल्यावर पटियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रमही करता येईल.

पण या सगळ्याला कागद लागतो, आणि घोळ तिथंच होतो. कॉलेजचं पत्र किंवा पेपरातलं कात्रण म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून दोन्ही वर्षांची मूळ प्रमाणपत्रं वेगवेगळी घ्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचीही घ्या. वर्ष, स्पर्धेचं नाव, सही-शिक्का तपासा. नाव एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आहे तसंच हवं. आपल्याकडे मार्क्स कार्डावर आद्याक्षरं, संघाच्या यादीत आडनाव आणि आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असतं. पडताळणीत गाडी अडते ती यावरच. दुरुस्तीचा अर्ज मुलगा कॉलेजात आहे तोवरच द्या. एकदा टीसी हातात पडली की त्याच कामाला चार फेऱ्या पडतात.